पाठवणीची पक्की वही

हिवरधऱ्याच्या तलावावरून पट्टकादंब कधी गेले, याच्या बत्तीस तारखा माझ्या अक्षरात लिहिलेल्या आहेत. त्यांतल्या दोन खऱ्या, एकोणतीस खोट्या आणि एक आम्ही मुद्दाम घडवून आणलेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगेन म्हटलं की माझी जीभ कशी आखडते ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी कुमुद काळमेघ. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘जे दिसलं तेच लिहायचं’ हे वाक्य मी वर्गातल्या फळ्याच्या वर रंगवून घेतलं होतं. हसायचं असेल तर हसा.

पुस्तकांमध्ये वसंत आला की पक्षी येतात. आमच्या वऱ्हाडात वसंत आला की ते जातात. पळस फुलला, सकाळी शाल नकोशी झाली की तलावावरची गर्दी ओसरायला लागते. आधी थापट्या बदकं जातात, मग चक्रवाक, आणि शेवटी पट्टकादंब. हे हंसाच्या जातीचे, राखी रंगाचे, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले पक्षी हिमालय ओलांडून तिबेटातल्या तळ्यांवर अंडी घालायला जातात. आमच्याकडे दर हिवाळ्यात दोनशेच्या आसपास यायचे. त्यांना निरोप द्यायला आम्ही तलावावर पाठवणी करायचो, लेकीची करतात तशीच. बाया तलावाची ओटी भरायच्या. खण, नारळ, ओंजळभर ज्वारी. ‘सुखरूप जा, दिवाळी झाली की या,’ असं पाण्याकडे तोंड करून म्हणायच्या.

ही कल्पना सरांची. सर म्हणजे माझे यजमान, प्रल्हाद काळमेघ. ते हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचे आणि सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही सरच म्हणत आले. पक्षिमित्र मंडळ त्यांनी काढलं आणि वह्या माझ्याकडे दिल्या. वह्या दोन होत्या. तलावावर उभ्या उभ्या पेन्सिलीने लिहायची ती कच्ची वही, आणि घरी बसून शाईने उतरवायची ती पक्की. वर्ष सरलं की कच्ची वही होळीत टाकायची, असा सरांचा नेम होता. मंडळातले सगळे हसायचे, मीही हसायचे.

पहिली दोन वर्षं पाठवणीला आम्ही सहा जण होतो आणि समोर पाण्यावर पक्षी होते. तिसऱ्या वर्षी नगरपालिकेने तलावाच्या उत्तरेच्या टोकाला कचरा टाकायला सुरुवात केली. सरांनी सरळ कलेक्टर बाईंनाच पाठवणीचं आमंत्रण दिलं. बाईंना सवड होती होळीनंतरच्या रविवारी. शाळांनाही तोच दिवस सोयीचा होता. गैरसोय होती ती फक्त पक्ष्यांची. ते त्याच्या सोळा दिवस आधीच निघून गेले होते.

तीनशे पोरं, शाळेचा बँड, ओटीची ताटं घेतलेल्या बाया आणि समोर रिकामं पाणी. कलेक्टर बाईंनी विचारलं, “पक्षी कुठे आहेत?”

सर जरासुद्धा अडखळले नाहीत. “काल संध्याकाळीच गेले, मॅडम. एका दिवसाने हुकले.”

बाई हळहळल्या. रिकाम्या पाण्यालाच त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि महिन्याभरात कचऱ्याच्या गाड्या बंद झाल्या. घरी आल्यावर सर म्हणाले, “कुमुद, पक्क्या वहीत कालची तारीख टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची.” मी टाकली.

पुढच्या वर्षी पाहुणे आमदार होते. रविवार तोच. होळीनंतरच्या रविवारी पाठवणी, हे गावात रूढच होऊन गेलं आणि पक्क्या वहीत दर वर्षी आदल्या शनिवारची तारीख पडत गेली. एखाद्या वर्षी होळी लवकर आली तर खऱ्या-खोट्यातला फरक चार-पाच दिवसांवर यायचा. त्या वर्षी मला उगाच पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. सर गेले त्याला आता दहा वर्षं होतील. त्यांच्यामागेही मी तीच तारीख टाकत राहिले. बंद करायची म्हणजे आजवरचं सगळं खोटं होतं असं म्हणायचं, आणि ते ऐकायला सर नव्हते.

एक मात्र मी केलं. ज्या दिवशी पाणी खरंच रिकामं दिसलं, त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक बारीक टिंब दिलं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्यांच्यामध्ये ते टिंब. कुणाला काय कळणार! वर्ष संपलं की ते कॅलेंडर फडताळात डब्यांखाली अंथरायचे.

ऋजुता आमची एकुलती एक. कलेक्टर बाईंच्या त्या पाठवणीला ती सहा वर्षांची होती. पक्षी गेले म्हणून तिने रडून आकांत केला. “मला का नाही उठवलं?” हेच एक. सरांनी तिला खांद्यावर घेतलं आणि म्हणाले, “अगं, जाताना आपल्या गच्चीवरून एक फेरी मारून गेले. तुला बघूनच गेले.” पोरगी गप्प झाली.

ती फेरी तिने आयुष्यभर जपली. भौतिकशास्त्र शिकली, परदेशात राहून आली, पक्ष्यांच्या डोळ्यातल्या होकायंत्रावर डॉक्टरेट केली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘आमच्या गच्चीवरून मारलेल्या फेरीला.’ ते वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. सर तेव्हा होते. त्यांनी चष्मा पुसला आणि भूगोलाचं कुठलंसं पुस्तक उघडून बसले.

दोन वर्षांपूर्वी ऋजुता हिवरधऱ्याला परत आली ती ‘विसावा’ घेऊन. एका कंपनीचं यंत्र होतं, पण मूळ कल्पना तिची. मी भाकरी थापत होते आणि ती ओट्यापाशी उभी राहून मला समजावत होती. लहानपणी मी तिला समजवायचे तशी.

“पक्ष्याच्या डोळ्यात एक प्रथिन असतं, आई. त्याच्यावर निळा उजेड पडला की इलेक्ट्रॉनची एक जोडी सुटी होते. त्या जोडीचं वागणं पृथ्वीच्या चुंबकत्वाने किंचित बदलतं. म्हणजे पक्ष्याला उत्तर दिशा नुसती कळत नाही, बहुतेक दिसतेच. आपल्याला सावली दिसते तशी.”

“आणि तुझं यंत्र काय करते?”

“तलावाभोवती चौदा खांब. त्यांतून मंद रेडिओलहरी सोडायच्या, मोबाइलपेक्षा कितीतरी मंद. तेवढ्यानेच ती जोडी गोंधळते आणि सावली पुसली जाते. पक्ष्याला दुखत नाही, खुपत नाही. जायचं कुठे तेच दिसत नाही, म्हणून तो थांबतो.”

“सूर्यावरून, ताऱ्यांवरूनही वाट काढतात ना ते?”

“काढतात ना. पण सगळ्या खुणा एकमेकींशी जुळल्याशिवाय एवढ्या मोठ्या प्रवासाला निघत नाहीत. आम्ही पाहिलं आहे तपासून. खांब बंद केले की अर्ध्या तासात सावली परत.”

हे सगळं कशासाठी, तर तलावासाठीच. तलाव बुजवून तिथे गोदामं बांधायचा ठराव झाला होता. पर्यटक आले तर तो रद्द होणार होता, आणि पर्यटकांना सवड होळीच्या सुट्टीत. पक्षी तोवर थांबले पाहिजेत. तज्ज्ञांच्या समितीने एकच अट घातली होती. पक्षी एरवी ज्या दिवशी आपणहून निघतात, त्याच्यापलीकडे एक दिवसही त्यांना अडवायचं नाही. तो दिवस कोणता, हे सांगणारी नोंद साऱ्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी होती. आमच्या पक्क्या वहीत.

“आणि तुला एक गंमत सांगू?” ऋजुताचे डोळे लकाकत होते. “तुमच्या वहीत एक शोध लपलेला आहे. मी एकतीस वर्षांच्या तारखा मांडल्या. उन्हाशी लावून पाहिल्या, वाऱ्याशी लावून पाहिल्या, काही सूत्र लागेना. मग चंद्राशी लावल्या. फाल्गुन पौर्णिमेनंतर सात दिवसांच्या आत! दर वर्षी! पट्टकादंब चंद्र बघून निघतात, आई. जगात कोणालाच हे माहीत नव्हतं. पहिली दोन वर्षं तेवढी बसत नाहीत, पण तेव्हा तुम्ही नवशिके होता, नोंद चुकली असेल. इतकं नेमकं निसर्गात काही नसतं गं!”

निसर्गात नसतंच. तव्यावरची भाकरी करपली तरी मी तिच्याकडे बघत राहिले. बोलायची वेळ तीच होती. पण तिचा चेहरा नेमका तसा झाला होता, सरांच्या खांद्यावर झाला होता तसा. मी “हो का?” म्हटलं आणि करपलेली भाकरी उतरवून ठेवली.

आठवड्याभराने तिने प्रतिज्ञापत्र आणलं. ‘या सर्व नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित आहेत.’ मी सही केली. तलाव वाचेल, लेक गावात राहील, सरांचं नाव होईल. सही करायला इतकी चांगली कारणं मला आयुष्यात पुन्हा मिळाली नसती.

विसाव्याचं पहिलं वर्ष म्हणजे गेलं वर्ष. आदल्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता, म्हणून होळी पार मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पडली. चंद्राच्या हिशेबाने पक्षी सोडायचा दिवस ठरला एकतीस मार्च, रविवार. समितीने मान्यता दिली. पत्रिका छापल्या. त्या दिवशी तलावाला ‘प्रल्हाद काळमेघ पक्षी उद्यान’ असं नाव देणार होते.

फेब्रुवारीच्या मध्यावर खांबांवरचे हिरवे दिवे लागले. फेब्रुवारी संपता संपता एका सकाळी मी तलावावर गेले तर सोमा नान्हे काठाशी जाळं सोडवत बसला होता. सोमा ढीवर, साठीचा. तलावातली मासेमारी त्याच्या आजापासून त्यांच्याच घरात.

“बाई, हे पाखरं काऊन जाऊन नाही राहिले?” त्याने विचारलं.

“अजून वेळ आहे, सोमाभाऊ.”

“कायचा वेळ? हरभरा सोंगून झाला. हरभरा निंगाला का कादंब निंगाले, माह्या बापापासून पाहून राहिलो मी.”

“ऋजुता म्हणते, ते चंद्र बघून जातात. होळीनंतर.”

सोमाने जाळं झटकलं. “होळी तं यंदा लेट आहे. पाखराजवळ का पंचांग असते का, बाई?”

माझ्या लेकीचा शोध त्याने जाळ्यातल्या शेवाळासारखा झटकून टाकला आणि पुन्हा गाठी सोडवायला लागला. हरभऱ्याचं मला माहीत नव्हतं थोडंच.

मार्च लागला आणि पक्षी सैरभैर झाले. संध्याकाळी ऊन कललं की दोनशे चौदाच्या दोनशे चौदा उठायचे, माना उत्तरेला ताणायचे आणि कलकलाट करत तलावावर गोल फिरायचे. मोठमोठ्या फेऱ्या. मग थकून खाली उतरायचे, पुन्हा उठायचे. शेतात चरायला जायचे त्यांतले निम्मे काठावरच बसून राहायला लागले. पर्यटक टाळ्या वाजवायचे. ‘काय सुंदर फेऱ्या मारतात!’ म्हणून व्हिडिओ काढायचे.

एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळवण गोळा करत होते आणि तो थवा माझ्या डोक्यावरून गेला. वळून परत आला. आमच्या गच्चीवरून त्यांनी फेरी मारली, खरोखरची. सरांनी एका रडक्या पोरीसाठी रचलेली फेरी एकोणतीस वर्षांनी खरी झाली होती, आणि ती बघताना मला इतकी भीती वाटली की कुरडयांचं सूप तिथेच ठेवून मी खाली आले.

बारा मार्चला मी फडताळ रिकामं केलं. डब्यांखालून कॅलेंडरं काढली. काही वाळवीने खाल्ली होती, एकोणीस हाती लागली. ती स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडली आणि ऋजुताला हाक मारली.

“हे काय गं?”

“टिंबं बघ. ज्या दिवशी ते खरंच गेले त्या दिवसांवर आहेत.”

ती गुडघ्यांवर बसली. एकेका कॅलेंडरवर बोट ठेवत पुढे सरकत गेली. अठरा फेब्रुवारी. चोवीस. एक मार्च. एकवीस फेब्रुवारी. सहा मार्चच्या पलीकडे एकही टिंब नव्हतं. मी सगळं सांगितलं. कलेक्टर बाई, शनिवारची तारीख, होळीत जाणारी कच्ची वही. हुशार पोरगी, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

“म्हणजे मी चंद्र नाही शोधला,” ती म्हणाली. “मी तुमच्या कार्यक्रमाचा रविवार शोधला.”

कोपरा दुमडलेलं एक कॅलेंडर मी सरळ केलं.

“आणि गच्चीवरची फेरी?”

“तू रडत होतीस, ऋजू. तुला गप्प करायला सर काहीतरी बोलले.”

तिने कॅलेंडरं गोळा करून एकावर एक रचली. मग हळूच म्हणाली, “तू सही का केलीस मग?”

“तुझं तोंड पाहून.”

“माझं तोंड पाहून!” ती ताडकन उठली. “आयुष्यभर पोरांना शिकवलंस, दिसलं तेच लिहा. घरात काय करून राहिली होतीस तू? मी जगभर सांगून आले, माझ्या आईबाबांची वही आहे, तीत खोटं एक अक्षर नाही म्हणून!”

तिचं बोलणं रास्त होतं, आणि ते मला लागलं. “आताच बंद कर खांब,” मी म्हटलं. “अजून उन्हं कडक झालेली नाहीत.”

“माझ्या एकटीच्या हातात नाही ते. कंपनी ऐकणार नाही. समितीने सांगितलं तरच.” ती डोळे पुसून थोडी शांत झाली. “लिहून दे. जसं झालं तसं लिहून दे. मी समितीकडे पाठवते.”

मी तिथेच बसून लिहिलं, एक पानभर. तिने घडी घालून पर्समध्ये ठेवलं. दारातून वळून म्हणाली, “हे गेलं की तलावावर गोदामं येतील. आणि बाबांच्या नावाची पाटी तयार होऊन आली आहे. तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दिवे हिरवेच होते. चौथ्या दिवशीही. मी विचारलं, “पाठवलंस?” ती म्हणाली, “पाठवते.” आठव्या दिवशी मी विचारलं नाही, आणि ती माझ्या नजरेला नजर देईना. कागद तिच्या पर्समध्येच आहे हे मला कळलं होतं, आणि मला कळलं आहे हे तिलाही.

समितीचं कार्यालय हिवरधऱ्यापासून अकरा किलोमीटर. एसटी दर अर्ध्या तासाला. मी जाऊ शकत होते. रोज सकाळी पिशवी घेऊन निघायचे, स्टँडपर्यंत जायचे, आणि तलावाला वळसा घालून परत यायचे. लेकीच्या भल्यासाठी, तलावासाठी, असं स्वतःला सांगायचे. खरं सांगू? त्या पाटीवर मला सरांचं नाव बघायचं होतं. आणि कागद आता तिच्याकडे आहे, तेव्हा पाप तिचं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पोटच्या पोरीबद्दल. त्याची लाज मला पक्ष्यांपेक्षा जास्त वाटते.

एकतीस मार्चला सकाळी दहालाच पारा चाळिसावर होता. मांडव, मंत्री, हजारभर माणसं. पाटीवरचा पडदा सरकला आणि पितळी अक्षरांत सरांचं नाव झळकलं. बायांनी तलावाची ओटी भरली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच पाठवणीला पक्षी हजर होते. ऋजुताने बटण दाबलं. खांबांवरचे दिवे एकेक करून विझले.

वीसेक मिनिटं काहीच झालं नाही. मग एक पट्टकादंब उठला, त्याच्यामागे दहा, मग सगळे. या वेळी फेरी नाही, गोल फिरणं नाही. सरळ उत्तरेला. माणसं ओरडायला लागली, बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या, आणि माझेही डोळे भरून आले, हे मी लपवणार नाही. इतकं देखणं मी काही पाहिलं नव्हतं.

सोमा मांडवाच्या कडेला उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही. “आता कायले सोडता, बाई,” एवढंच म्हणाला.

तीस पक्ष्यांच्या पाठीवर हरभऱ्याच्या दाण्याएवढी यंत्रं लावली होती. ती कुठवर गेली ते उद्यानाच्या दालनात मोठ्या पडद्यावर दिसायचं, प्रत्येक पक्ष्याचा एक पिवळा ठिपका. हा पक्षी हिमालयाच्या माथ्यावरच्या विरळ, गार हवेत उडू शकतो. ती त्याची ताकद. पण पंख मारताना अंगात जी उष्णता तयार होते ती बाहेर टाकायला त्याला गारवाच लागतो. चव्वेचाळीस अंशांच्या हवेत ती जाते कुठे? आणि महिनाभर फेऱ्या मारण्यात त्यांची साठवलेली चरबी संपली होती. वाटेतली तळी, जिथे ते उतरून पाणी पितात, मार्चमध्येच आटली होती.

तिसऱ्या दिवशी नर्मदेच्या अलीकडे चार ठिपके थांबले. आधी लोकांना वाटलं, विसावा घेत असतील. सातव्या दिवशी बुंदेलखंडात अकरा. गंगेच्या मैदानात नऊ, हिमालयाच्या पायथ्याशी चार. जो ठिपका दोन दिवस हलला नाही तो तिसऱ्या दिवशी पडद्यावरून काढून टाकायचे. अखेर दोन ठिपके हिमालयापलीकडे गेले. बाकीचे एकशे चौऱ्याऐंशी बिनयंत्राचे. त्यांचं काय झालं ते हिशेबाने कुणालाही कळावं.

कंपनीने पत्रक काढलं. यंदाचा उन्हाळा असाधारण होता, पक्षी मात्र त्यांच्या नैसर्गिक तारखेलाच सोडले होते. समितीने मान डोलावली. बत्तिसावी तारीख मी पक्क्या वहीत लिहिली, एकतीस मार्च. तीत खोटं काही नव्हतं. चंद्रावरचा ऋजुताचा निबंध मे महिन्यात छापून आला, आणि आता त्याला बत्तीस वर्षांचा आधार होता.

आम्ही दोघी एकाच घरात राहात होतो, जेवत होतो, बोलतही होतो. भाजी काय करायची, पाणी कधी येणार. आता सांगून एकही पक्षी परत यायचा नाही, हे वाक्य आम्ही दोघींनी आपापलं शोधून काढलं होतं आणि दोघींनाही ते पुरत होतं. एकदाच तिने विचारलं, “ती कॅलेंडरं कुठे आहेत?” मी म्हटलं, “होती तिथेच. फडताळात.” दुसऱ्या दिवशी डबे काढले तर खाली नवा कोरा कागद. जुनी कॅलेंडरं तिने कुठे टाकली ते मी विचारलं नाही. होळीला अजून अवकाश होता.

दिवाळी झाली. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. थापट्या आल्या, चक्रवाक आले. पट्टकादंब आले नाहीत. पिल्लांना वाट दाखवायला आईबाप लागतात, आणि हिवरधऱ्याची वाट ठाऊक असलेले आईबाप उरले नव्हते. सोमा रोज सकाळी आभाळाकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा.

यंदा होळीनंतरच्या रविवारी पाठवणी झाली. व्हायलाच हवी होती, पत्रिका छापल्या होत्या आणि पाच शाळांच्या बस ठरल्या होत्या. मी कच्ची वही घेऊन पितळी पाटीखाली उभी होते. पाण्यात लांब पायांच्या चार शेकाट्या आणि ऊन. बाया ओटी भरत होत्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मी पेन्सिल काढली आणि जे दिसलं ते लिहिलं. ‘पट्टकादंब एकही नाही. या हिवाळ्यात आलेच नाहीत.’ हात हलका झाला. वाटलं, ही वही मी होळीत टाकणार नाही. ही मी स्वतः एसटीने घेऊन जाईन.

तेवढ्यात मागे एका मुलीचा आवाज ऐकू आला. सात-आठ वर्षांची, हातात रंगवलेलं पट्टकादंबाचं चित्र, आवाज रडवेला. “मॅडम, पक्षी कुठेत?”

ऋजुता तिच्यासमोर खाली बसली. तिने त्या मुलीच्या केसांवरून हात फिरवला. मग वर आभाळाकडे बघत, सरांच्याच आवाजात म्हणाली, “काल संध्याकाळीच गेले, बाळा. जाताना तुमच्या शाळेवरून एक फेरी मारून गेले.”

मुलगी वर बघायला लागली. तिचं रडू थांबलं.

ऋजुता उठून माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावरून तिने वहीतल्या दोन ओळी वाचल्या. चिडली नाही, काही नाही. नुसता हात पुढे केला.

“दे, आई. पक्की आता मी लिहिते.”

मी वही दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. ती मुलगी चित्र छातीशी धरून आमच्या दोघींकडे बघत होती. मी वही दिली.